वाचकांचे प्रश्न : टॉवेलचं वजन आणि फुकटातले धडे

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. ४०० ग्रॅमचा टॉवेल कधी ३९० भरतो, कधी ४१०. गुणवत्तेचे वर्ग पुण्याला, आणि फी परवडत नाही. इंटरनेटवर मोफत आणि भरवशाचं काय आहे?

साहित्य इतकं आहे की व्हिडिओ साठवण्यातच वर्ष जाईल. तुमच्या कामाला सध्या एकच साधन पुरे : कंट्रोल चार्ट, म्हणजे मोजमापं ठिपक्यांनी मांडून त्यांना खालची-वरची मर्यादा आखलेला आलेख. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेचं सांख्यिकी पद्धतींचं ई-हँडबुक मोफत आहे. त्यातल्या सहाव्या प्रकरणाचा तिसरा भाग वाचा, बाकीचं तूर्त सोडा. आपल्या बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) आयएस ३९७ हे मानकही याच विषयावर आहे.

आता कृती. एकच माग निवडा. दर दोन तासांनी त्यावरून लागोपाठ उतरलेले ५ टॉवेल, तेही मागावर शेजारी शेजारी विणल्या जाणाऱ्या पट्ट्यांपैकी एकाच पट्टीतले, १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. पाचांची सरासरी काढा. सर्वांत जड आणि सर्वांत हलका यांतला फरक लिहा. ही झाली रेंज. असे २५ गट जमले की सगळ्या सरासऱ्यांची सरासरी आणि रेंजची सरासरी काढा. समजा ती ४०२ आणि १२ आली. १२ × ०.५७७ = ६.९, म्हणून सरासरीच्या मर्यादा ४०२ उणे-अधिक ६.९, म्हणजे ३९५.१ ते ४०८.९. रेंजची वरची मर्यादा १२ × २.११४ = २५.४. हे गुणक पाचच्या गटासाठीच आहेत. चार टॉवेल घेतलेत तर गुणकांच्या तक्त्यातून दुसरे घ्या.

इथे तीन चुका हमखास होतात. पाच मागांवरून एकेक टॉवेल उचलला, तर मागामागांतला फरक रेंजमध्ये शिरतो, मर्यादा ऐसपैस होतात आणि चार्ट कधीच ओरडत नाही. दुसरी, गिऱ्हाइकाला चालणारी ३९० ते ४१० ही सूट चार्टवर आखणं. सरासरी सुट्या टॉवेलपेक्षा कमी हलते, त्यामुळे सरासरी ३९० ते ४१० मध्ये बसलेली असतानाही काही टॉवेल बाहेर गेलेले असतात. तिसरी सर्वांत महागाची : एक टॉवेल हलका निघाला की लगेच पाइल बीमचा (टॉवेलचे लूप ज्या सुताचे होतात त्याच्या रुळाचा) ताण बदलायचा. मर्यादेच्या आत असताना असं छेडत राहिलात तर चढउतार वाढतो. ठिपका बाहेर गेला, की मग बीमकडे बघा. ताण जास्त झाला तर लूप ओढले जाऊन आखूड होतात आणि वजन घटतं.

माग दोषी ठरवण्याआधी हवा बघा. सुती मालात प्रमाणित हवेत कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतात. ४०० ग्रॅमच्या टॉवेलात हा ओलावा सोलापूरच्या मे महिन्यात ५ टक्क्यांवर आला, तर तोच टॉवेल ३८७ भरेल. सूत तेवढंच, माग तोच! म्हणून प्रत्येक गटाशेजारी हवेतली आर्द्रता लिहा.

प्रश्न : डिप्लोमा झालाय. मोफत कोर्सच्या प्रमाणपत्राला किंमत असते का?

सरकारच्या स्वयम या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाचा ‘सिक्स सिग्मा’ (दोष कमी करण्याची पद्धत) हा आयआयटी खरगपूरचा १२ आठवड्यांचा कोर्स आहे. बघणं, गृहपाठ सोडवणं फुकट. प्रमाणपत्रासाठी फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण. उत्तीर्ण व्हायला अनुक्रमे १० आणि ३० लागतात. ओळख पटवून घेतलेली परीक्षा असल्याने त्या कागदाला वजन आहे. नुसतं बघून डाउनलोड होणाऱ्या प्रमाणपत्रांना आम्ही फार मोजत नाही. मुलाखतीला स्वतः भरलेला एखादा चार्ट सोबत न्या.

प्रश्न : गणवेश शिवण्याचं युनिट आहे. इंग्रजी जमत नाही. मोफत साहित्यातलं काय वापरू?

यूट्यूबवर उपशीर्षकांचं आपोआप मराठी भाषांतर करता येतं, पण पारिभाषिक शब्दांचा पार विचका होतो. तुमचं काम तपासणी तक्ता आणि पॅरेटो (दोष जास्तीकडून कमीकडे मांडणारा आलेख) यांवर भागेल. एएसक्यू या गुणवत्तेवर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या संकेतस्थळावर दोन्हींचे एक्सेल नमुने मोफत मिळतात. मथळे मराठीत करून घ्या. बाजूला दोषांची नावं टाका : टाका सुटला, काज चुकलं, बाही वाकडी, डाग. आठवडाभर प्रत्येक परत आलेल्या नगाला एक रेघ मारा. ‘इतर’ या रकान्यात सर्वांत जास्त रेघा दिसल्या तर दोषांची नावं नीट पाडलेली नाहीत, यादी पुन्हा करा.