आयरिश नाटककार कॉनर मॅकफर्सन नाटकाकडून सिनेमाकडे कसा वळला? त्याचं काय आधी वाचावं?

आधी 'द वेअर' वाचा. डब्लिनमध्ये 1971 साली जन्मलेल्या मॅकफर्सनचं हे नाटक 1997 मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आलं आणि त्याला ऑलिव्हिए हा ब्रिटिश रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला. घटना म्हणाल तर जवळजवळ नाहीच. आयर्लंडच्या खेड्यातला एक पब, चार पुरुष आणि डब्लिनहून नुकतीच राहायला आलेली एक बाई. पुरुष तिला भुताखेतांच्या गोष्टी सांगतात, थोड्या तिच्यावर छाप पाडायलाही. मग ती स्वतःच्या गेलेल्या मुलीबद्दल बोलते आणि सगळे गप्प होतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथे पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं.

1997 मध्येच त्याने लिहिलेला 'आय वेंट डाउन' हा सिनेमा आला. दिग्दर्शनाला त्याने 'सॉल्टवॉटर'पासून (2000) सुरुवात केली, तेही स्वतःच्याच नाटकावरून. पण त्याच्या सिनेमांत मला सर्वांत जवळचा वाटतो 'द एक्लिप्स' (2009): बायको गेलेला एक बाप, समुद्रकाठचं कोव्ह हे गाव, आणि घरात दिसणारं काहीतरी. भीती आणि शोक त्यात वेगळे काढताच येत नाहीत.

रंगभूमी त्याने कधी सोडली नाही. 2006 चं 'द सीफेअरर' आहे, ज्यात नाताळच्या आदल्या रात्री सैतान पत्ते खेळायला येतो. 2017 मध्ये बॉब डिलनची गाणी घेऊन केलेलं 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' पुढे ब्रॉडवेवरही गेलं.