ऑफरमधला आकडा आणि हातात येणारा पगार

ऑफर लेटरमधला वार्षिक आकडा थेट बाराने भागू नकोस, हिशोब इथेच चुकतो. त्यात मूळ वेतन आणि भत्त्यांसोबत कामगिरीवरचा बोनस, निवृत्तीनिधीतला कंपनीचा वाटा, विम्याचा हप्ताही धरलेला असू शकतो. समजा एकूण 100 आहेत. बोनस 15, कंपनीचा वाटा आणि विमा मिळून 10. उरले 75, म्हणजे महिन्याला 6.25, आणि त्यातूनही कर नि निवृत्तीनिधीतला तुझा वाटा कापला जाणार.

बोनस कमाल किती हे महत्त्वाचं नाही. मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिला, ते विचार. ऑफरमध्ये कंपनीचे शेअर असतील, तर ते बहुधा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात. पहिल्या वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास त्यातलं सहसा काहीच नाही. जॉइनिंग बोनस, म्हणजे रुजू होताना मिळणारी रक्कम, लवकर नोकरी सोडल्यास परत करण्याची अट असेल तर ती सहीआधी नक्की वाच.