वजन बरोबर, मग पोटाची काळजी कशाला?

प्रश्न : वय ४४, उंची १६८ सेंमी, वजन ६४ किलो. बीएमआय २२.७, म्हणजे ठीक, असं कंपनीच्या तपासणीत सांगितलं. हातपाय बारीकच आहेत, पण पोट सुटलंय. घरात म्हणतात, खात्यापित्या घरचं लक्षण! खरंच काळजीचं आहे का? (वाचक, सातारा)

आहे. बीएमआयला फक्त वजन आणि उंची कळते. चरबी किती आणि कुठे, हे कळत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटोच छापून आला. आपल्याकडच्या बारीक माणसांनाही मधुमेह का गाठतो, याचं एक उत्तर त्यात आहे.

पँटच्या नंबरावर जाऊ नका, पँट पोटाच्या खाली बसते. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, आडवी सरळ धरा. श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढलंत तर मोजण्यात अर्थ नाही. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंमी, स्त्रियांसाठी ८०. शिवाय कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, म्हणजे तुमची ८४ च्या आत.

चिमटीत येते ती त्वचेखालची चरबी त्यामानाने निरुपद्रवी. त्रास देते ती आतड्यांभोवती साठलेली. तिथलं रक्त थेट यकृतात जातं, सोबत चरबीची आम्लंही. यकृतात चरबी साठते, इन्सुलिन नीट काम करेनासं होतं, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चढतं, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं. पुढे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार. पोट मोठं आणि घोरणंही असेल, तर झोपेत श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारा.

उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ४० च्या खाली (स्त्रियांत ५०), रक्तदाब १३०/८५ किंवा वर : वाढलेल्या कमरेसोबत यांतल्या कोणत्याही दोन गोष्टी आढळल्या, तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणीही करून घ्या, ५.७ पासून पुढे मधुमेहाची वेस लागते.

प्रश्न : वय ५१, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. रोज शंभर क्रंचेस करते, घामाचा पट्टाही बांधते. पोट तसूभरही हललेलं नाही. (वाचक, डोंबिवली)

हलणारही नाही. क्रंचेसनी पोटाचे स्नायू बळकट होतात, पण त्यांना लागणारं इंधन रक्तातून, साऱ्या शरीरातून येतं. शेजारच्या चरबीतून नव्हे. पट्ट्याने फक्त पाणी जातं, दोन ग्लास प्यायलं की परत येतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि मांड्यांकडे जाणारी चरबी पोटाकडे वळते.

आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटं भरभर चाला : बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. दोन दिवस ताकदीचे व्यायाम : हात न टेकता खुर्चीवरून उठबस १० ते १२ वेळा, भिंतीला हात लावून पुश-अप तितकेच, प्रत्येकी तीन फेऱ्या. गुडघा दुखत असेल तर उंच खुर्ची घ्या.

पण खरा हिशेब स्वयंपाकघरात आहे. चौघांच्या घरात महिन्याला तेल दोन लिटरच्या आत भागायला हवं. आधी पिशव्या मोजा. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, म्हणजे तेवढ्या फोडणीला निदान अर्धा तास चालणं. जेवणात भात-पोळी कमी करून तिथे उसळ, अंडं किंवा दही घ्या. साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास वजनासाठी धरत असाल तर सोडा : पिष्ट, दाणे, तूप, आणि प्रथिनं जेमतेम.

वजन थोडं उतरलं तरी आतली चरबी बरीच घटते. महिन्याने वजनाबरोबर टेपही लावा.

प्रश्न : सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ निघालं. वय ४७, रक्तातली यकृताची एन्झाइम्स : एसजीओटी ४२, एसजीपीटी ५८. प्लेटलेट्स २.३ लाख. लिव्हरचं टॉनिक घेऊ का? (वाचक, नाशिक)

टॉनिकने यकृतातली चरबी जात नाही. शिवाय ग्रेड चरबीची असते. यकृत कडक होतंय का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ‘फिब-४’ काढतात : आधी वय गुणिले एसजीओटी. मग हजारांतल्या प्लेटलेट्स (तुमच्या २३०) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचं. तुमचा आकडा १.१३ येतो. १.३ च्या खाली असल्याने धोका सध्या कमी. वजन पाच टक्के उतरलं की चरबी घटू लागते. सूजही जायला सात ते दहा टक्के उतरवावं लागतं. दारू घेत असाल तर बंद करा. ६० मिलीच्या एका पेगमध्ये जवळपास १४० कॅलरी असतात, चकणा वेगळाच.

प्रश्न : वडिलांचं पोट दोन महिन्यांत फुगलं, हातपाय मात्र वाळले. चालायला न्यावं का? (वाचक, लातूर)

आधी डॉक्टरांकडे न्या, याच आठवड्यात. चरबी इतक्या लवकर पोटावर चढून हातपाय वाळवत नाही. पोटात पाणी किंवा गाठ असू शकते. सोनोग्राफी लागेल. डोळे पिवळे दिसले, ताप आला, काळी शौच झाली किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.