सँडर खाली ठेवा, मग भावाचं बोलू

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. नाणं टाकून खेळायचं जुनं मशीन हाती लागलंय, दोन्ही बाजू कुणीतरी काळ्या रंगवल्यात, आत मारामारीचा गेम नंतर बसवलेला दिसतोय. आणि तुम्ही विचारताय, "बाजू घासून नवा रंग देतो, दहा वर्षं झाकून ठेवतो, भाव वाढेलच ना?" हे सगळं मी करून बसलोय. त्यामुळे सँडर, म्हणजे ते घासायचं यंत्र, आधी खाली ठेवा.

माझ्या मशीनच्या कॅबिनेटचा, म्हणजे लाकडी खोक्याचा, काळा रंग ब्रशने फासलेला होता, ओघळ जागच्या जागी सुकलेले. मला ती निव्वळ घाण वाटली. जाड पेपर लावला आणि सुरू झालो. आधी काळी धूळ उडाली, मग पिवळी यायला लागली. प्रायमर असेल म्हणून मी चक्क खूश झालो, लाकूड जवळ आलं म्हणून! दुसरी बाजू अर्धी संपली तेव्हा पिवळ्यात एक गोलसर कड दिसली आणि तिच्या खाली बूट घातलेला पाय. तेव्हा कुठे सँडर बंद केला आणि खोक्याच्या मागे जाऊन सिरीयल नंबरची पट्टी वाचली. 1980 सालचं पॅक-मॅन, चक्रव्यूहात ठिपके खात फिरणाऱ्या पिवळ्या गोल गड्याचा गेम. स्टेन्सिलने रंगवलेलं मूळ चित्र काळ्या रंगाखाली इतकी वर्षं सुखरूप होतं, आणि मी ते एका दुपारी झाडूने गोळा केलं.

पट्टी वाचायला अर्धा मिनिटही लागलं नसतं. ते अर्धं मिनिट मला सगळ्यात महाग पडलं.

तो काळा रंग का असतो, ते कळलं की भावाचं गणितही बरंचसं उलगडतं. नवी असताना ही मशीनं शोभेची नव्हती, कमाईची होती. गल्ल्यात आठवड्याला जमेल तेवढी त्यांची किंमत. 1983 च्या सुमाराला अमेरिकेत हा धंदा आपटला, जुन्या गेमवर नाणी पडेनात. मग चालवणाऱ्यांनी आतले गेमचे सर्किट बोर्ड बदलले, चित्रांवर काळा हात मारला आणि तेच खोकं नव्या नावाने उभं केलं. 1985 मध्ये जपानमध्ये जामा हे वायरिंगचं मानक आलं, मग तर बोर्ड काढून बोर्ड घालणं आणखी सोपं झालं. त्या काळात मूळ रूप जपणं म्हणजे वेडेपणा होता. आज जी अभंग राहिली ती बहुतेक कुठल्या तरी अडगळीत विसरली गेली म्हणून.

पुढे भाव चढला तो मुख्यतः आठवणींमुळे. लहानपणी नाण्यासाठी घरी हट्ट करणारी पोरं चाळिशीला आली, हातात पैसा आला, घरात एक खोली मोकळी झाली. पण ही भरती कायमची नसते. 1960 च्या दशकातली मोटर आणि रिले (विजेवर उघडझाप होणारे स्विच) यांच्यावर चालणारी मशीनं बघा. ती यांच्यापेक्षा जुनी, कारागिरीला सरस, पण ती खेळलेली पिढी म्हातारी झाली तसे गिऱ्हाईकही पातळ झाले. 'जितकं जुनं तितकं महाग' हे मला साफ चूक वाटतं. 1971 च्या कॉम्प्युटर स्पेसला मान आहे तो विकायला आलेला पहिला नाणेवाला व्हिडिओ गेम म्हणून, नुसत्या वयामुळे नाही. अटारी कंपनीचं 1982 सालचं क्वांटम पाचशे नगांच्या आसपास निघालं, त्याच्यासाठी लोक भांडतात. पॅक-मॅन अमेरिकेतल्या एकट्या मिडवे कंपनीनेच लाख नगांच्या आसपास काढलं, म्हणून तिथे भाव फक्त अवस्थेवर ठरतो.

1997 मध्ये माम हा जुने गेम चालवणारा प्रोग्राम आला आणि खेळ फुकटात संगणकावर खेळता यायला लागले. तेव्हापासून 'खेळता येणं' या गोष्टीला वेगळे पैसे कोण देणार? पैसे पडतात ते लाकूड, काच, मूळ चित्र आणि पिक्चर ट्यूब यांना. नव्याने छापलेली चित्रं मिळतात, सुंदर असतात, मीही शेवटी तीच चिकटवली. पण जे कुणालाही मागवता येतं त्याला जास्तीचा भाव कोण देईल? तेच पिनबॉलमध्येही झालं. मेडिव्हल मॅडनेस हे मशीन 1997 मध्ये आलं, चार हजार नगांच्या आसपास बनलं आणि पुढे भाव गगनाला भिडले. 2013 मध्ये ते पुन्हा बनवणार असं जाहीर झालं आणि मूळ मशीनवाल्यांचा तोरा उतरला.

आता तुमचं 'दहा वर्षं झाकून ठेवतो'. नका ठेवू. म्हणजे ठेवा, पण झाकून विसरू नका. बोर्डावर बॅटरी असेल तर ती गळते आणि तांब्याच्या रेघा हिरव्या करून खाते. कॅपकॉम कंपनीच्या सीपीएस-2 नावाच्या बोर्डांमध्ये तर गेम उलगडायची सांकेतिक किल्लीच बॅटरीच्या जिवावर होती, बॅटरी संपली की गेम मेला. (पुढे हौशी लोकांनी किल्ली परत भरायची युक्ती काढली आणि मेलेले बोर्डही विकले जायला लागले. असंही होतं.) खालचं पार्टिकल बोर्ड ओल धरून बिस्किटासारखं फुगतं, म्हणून पायाखाली ठोकळे द्या. ट्यूब जळलेली असेल, म्हणजे मशीन बंद असतानाही चक्रव्यूह दिसत असेल, तरी ती फेकू नका. तशा ट्यूब आता कुणी बनवत नाही. सपाट स्क्रीन बसवलात तर माझ्या मते निम्मा जीव गेला, पण यावर इथे भांडणं होतील.

विम्याचं कुणी विचारलं नाहीये, तरी सांगतो. वाहतुकीत माझं दुसरं एक मशीन आपटलं. विमा कचेरीने त्याला 'वापरलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू' या रकान्यात टाकलं, दर वर्षाचा घसारा लावला आणि चाळीस वर्षांच्या वस्तूची किंमत शून्य काढली. मी म्हटलं, अहो, हिची किंमत वयाबरोबर वाढलीय. सर्व्हेअर म्हणाला, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. चार महिने पत्रं लिहून मी थकलो. ठरलेल्या रकमेची पॉलिसी मिळत असेल तरच घ्या, आणि रक्कम आधी फोटोंसकट लेखी मान्य करून घ्या.

तुमच्या रंगाबद्दल: तळाशी, सहज दिसणार नाही अशा जागी तळहाताएवढा भाग घ्या. रंग काढायचा सौम्य द्रव लावा, थोडा वेळ थांबा, प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच ओढा. लोखंडी नको. स्टेन्सिलचं चित्रही शेवटी रंगच आहे, द्रव जास्त वेळ राहिला तर दोन्ही एकदमच निघतील. मी मूल्यमापक नाही, एक खोकं बिघडवून शिकलेला माणूस आहे, तेव्हा घाबरत घाबरतच करा. खाली काहीच निघालं नाही तर खुशाल घासा. आणि ट्यूबच्या मागे हात घालू नका, प्लग काढल्यावरही तिथे जोराचा झटका बसू शकतो.

मागच्या पट्टीचा फोटो टाका. कोरड्या फडक्याने पुसा, पाणी लावू नका, काही पट्ट्यांवर नंबर नुसत्या शाईचा असतो.