सपाट तळपाय आहेत, स्क्वॉट सोडू का?

प्रश्न : वय २६. दीड वर्षापासून स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन खाली बसणं-उठणं) करतो, सध्या ८० किलोपर्यंत. तळपाय लहानपणापासून सपाट आहेत. ६० च्या पुढे वजन गेलं की उठताना उजवा गुडघा आत जातो आणि दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला दुखतो. ट्रेनर म्हणतात, 'फ्लॅट फूट आहे, स्क्वॉट सोड.' सोडावा का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सपाट तळपायाचं कारण देऊन स्क्वॉट सोडायची गरज नाही. असे पाय असलेल्या अनेकांना कधीच काही दुखत नाही. बघायचं ते एवढंच, की वजन आल्यावर तळपायाच्या आतल्या बाजूची कमान आणखी किती खचते.

आधी अनवाणी चवड्यांवर उभे राहा आणि मागून कुणाला तरी बघायला सांगा. कमान उमटली, टाच आत वळली तर पाय लवचिक आहे, सरावाने सुधारणा होऊ शकते. कमान उमटलीच नाही, एका पायावर टाच उचलता आली नाही किंवा घोट्याच्या आतल्या हाडामागे सूज असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

कमान खचली की टाच बाहेर कलते, नडगी आत फिरते आणि तिच्यामागोमाग गुडघाही आत येतो. त्यातून मऊ, फुगीर तळाचे रनिंग शूज असतील तर बार खांद्यावर असताना पाय गादीवर ठेवल्यासारखाच. सपाट, कडक तळाचे बूट घाला.

पण सगळा दोष कमानीवर ढकलू नका. घोटा आखडलेला असला तरी खाली बसताना शरीर कमान मोडूनच वाट काढतं. भिंतीपासून पायाचा अंगठा १० सेंटिमीटरवर ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघा. लागत नसेल तर पोटऱ्या रोज ताणा आणि तोवर उंच टाचेचे वेटलिफ्टिंग शूज वापरा.

आता पाय रोवणं. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, या तिन्हींवर भार हवा. बोटं न मुडपता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढा. कमान किंचित उचलली जाते. ५ सेकंद धरा, १० वेळा, रोज. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'गुडघे बाहेर!' ऐकून पाय बाहेरच्या कडेवर कलंडतो आणि अंगठा हवेत जातो. अंगठ्याच्या मुळाखाली कागदाची पट्टी ठेवून स्क्वॉट करा. जोडीदाराने ओढल्यावर ती निसटली, तर पाय सुटलाच म्हणायचा.

जोडीला टाचा उचलण्याचा व्यायाम : बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, वर जाताना २ सेकंद, उतरताना ३, १२ चे ३ सेट, आठवड्यातून तीनदा.

वजन सध्या ५० वर आणा, कारण गुडघा ६० नंतर बिघडतो. फोन जमिनीवर ठेवून समोरून चित्रण करा. सगळ्या रेप्समध्ये गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला, तरच पुढच्या आठवड्यात अडीच किलो चढवा. सहा आठवड्यांतही दुखणं हटलं नाही, गुडघा सुजला किंवा अडकला तर फिजिओथेरपिस्टकडे जा.