बोट येत नाही त्या दिवसांत जा

प्रिय,

नोकरीला होकार देण्याआधी बेट स्वतः बघून यायचं ठरवलंस, हे बरं केलंस. फक्त तारखा बदल. हवा छान असते त्या महिन्यांत कुठलंही बेट कुणालाही आवडतं. समुद्र खवळलेला असतो, बोटी रद्द होतात, तेव्हा जा. परतीची बोट सुटली नाही आणि दोन दिवस अडकून पडावं लागलं, तरी चिडू नकोस. दुकानातली कुठली फळी आधी रिकामी होते, इंटरनेट किती टिकतं आणि करायला काही नसताना आपलं डोकं कसं चालतं, हे त्याच दोन दिवसांत कळतं.

पाण्याची चौकशी खोदून कर. पुष्कळ छोट्या बेटांवर गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी मीटरभर असेल, तर खाली ते ढोबळमानाने ४० मीटरपर्यंत असतं. उपसा वाढला की विहिरीत खारेपणा चढतो. म्हणून ‘पाणी आहे की’ या उत्तरावर थांबू नकोस. कोरड्या दिवसांच्या शेवटी काय होतं, ते विचार. वीज पाण्याइतकी अवघड नाही, पण स्कॉटलंडच्या एग बेटावर वारा, पाणी आणि ऊन यांच्यावर चालणारी स्वतःची व्यवस्था २००८ साली आली, तरी तिथे प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॉटचीच मर्यादा आहे. मला ती शहाणपणाची वाटते. तुला जाचक वाटेल का, ते बघ.

सगळ्यात जास्त वेळ मात्र घरावर घालव. काम मिळतं, घर मिळत नाही. हंगामात पर्यटक जास्त भाडं देतात, मग भाडेकरूला खोली सोडावी लागते. नोकरी देणारे मालक म्हणतील, घर आम्ही देऊ. आनंदाने घे, पण नोकरी सोडली तर घर किती दिवस राहील, हे लेखी घे. नाहीतर राजीनामा देणं म्हणजे बेटच सोडणं.

दात दुखला तर कुठे जायचं, हेही विचार. हृदयविकाराचा प्रश्न सगळेच विचारतात.

तिथे टिकलेली माणसं तुला भेटतीलच. सोडून गेलेल्या एकादोघांचे नंबर मात्र मुद्दाम मिळव आणि फोन करण्याआधी मला कळव. काय विचारायचं ते मिळून ठरवू.

तुझी,
मावशी