अग्निशामक नंतर घ्या, आधी ते बाहेरचं कुलूप काढा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हापशात तळमजल्यावर खानावळ, वरच्या मजल्यावर तुम्ही दोघं, मुलं आणि सासूबाई. अग्निशामक कोणता आणि किती किलोचा घ्यावा, एवढंच तुम्ही विचारलंय. त्याचं उत्तर खाली देतोच. पण जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की कामाला असलेले दोघे मुलगे रात्री मागच्या कोठारात झोपतात आणि यजमान साडेदहाला शटरला बाहेरून कुलूप लावून वर येतात. ते वाचलं आणि माझं मन तिथेच अडकलं.

फोंडा आणि आसपासच्या गावांत मी एकतीस वर्षं वायरिंगची कामं केली. जळालेली घरं आणि दुकानं पुन्हा उभी करायलाही गेलोय. त्या अनुभवावरून सांगतो, ते कुलूप आज रात्रीच काढा.

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री आपल्या गोव्यातच, हडफड्यातल्या नाइटक्लबात २५ माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यातली बहुतेक तिथे काम करणारी होती, पोटासाठी लांबून आलेली. कितीतरी जण तळघराकडे अडकून धुरात गुदमरले. आग म्हटलं की डोळ्यांसमोर ज्वाळा येतात, पण माणूस बहुधा त्याआधी धुरानेच जातो. तुमच्या कोठारात कांद्याची पोती, पुठ्ठ्याची खोकी, प्लास्टिकचे क्रेट असणारच. त्यातलं एखादं नुसतं धुमसलं तरी छतापासून खाली धूर भरत येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसाला जागही येऊ देत नाही. आणि जाग आली तरी बाहेरच्या कुलपापुढे ते मुलगे काय करणार?

शटर आतून बंद होईल अशी कडी बसवून घ्या. वेल्डर अर्ध्या दिवसात करून देईल. त्याहून चांगलं म्हणजे मागचं दार वापरात आणा. त्या दारापुढे थंड पेयांचे क्रेट रचलेले असतात असं तुम्हीच लिहिलंय, ते हलवा. दाराला आतून फक्त कडी ठेवा, चावी शोधायला लागेल असं काही नको. त्या दोघा मुलग्यांना एकदा दिवे बंद करून त्या दारापर्यंत चालत जायला सांगा. धुरात डोळे उघडत नाहीत. जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात बरी असते, म्हणून खाली वाकून, भिंतीला हात लावत कसं जायचं ते अंगात बसू दे.

आता वरचा मजला. जिना खानावळीच्या बाजूनेच वर जात असेल तर खाली आग लागल्यावर तोच जिना धुराचं धुराडं होईल. त्याच्या तोंडाशी जाड लाकडाचं दार लावा आणि रात्री ते ओढून घ्या. बंद दाराने मिळणारी चार-पाच मिनिटं फार मोलाची असतात. जिन्याखाली इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावता असंही तुम्ही लिहिलंय. ती तिथून आजच काढा. लिथियम बॅटरी पेटली की काही क्षणांत भडका उडतो, विषारी धूर निघतो आणि विझल्यासारखी वाटून ती पुन्हा पेटू शकते. ती बाहेर पोर्चमध्ये, दारापासून लांब आणि तुम्ही जागे असतानाच चार्ज करा.

खिडक्यांना आपल्याकडे चोरांच्या भीतीने सरसकट ग्रिल असतात. सासूबाईंच्या खोलीच्या ग्रिलमध्ये बिजागरीचं एक दार करून घ्या आणि त्याची चावी तिथेच खिळ्याला, मुलांचाही हात पोचेल अशी टांगा.

वायरिंगबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण बरीच माणसं इथेच फसतात. ‘एमसीबी बसवलाय, मग काळजी कसली?’ असं मला शेकडो घरांत ऐकायला मिळालं. एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप बंद होणारा स्विच, पडतो तो जास्त करंट वाहिला किंवा शॉर्ट झाला तर. प्लगच्या खाचेत किंवा स्विचच्या स्क्रूखाली वायर सैल असेल तर करंट नेहमीइतकाच असतो, पण त्या जागी उष्णता साठते. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. फोंड्याजवळच्या एका घरात गीझरचा सॉकेट असाच महिनोन् महिने भाजत होता. मी उघडला तेव्हा आतलं प्लास्टिक कोळशासारखं झालं होतं आणि मागच्या लाकडी पट्टीवर करपल्याचा डाग होता. वर जुनं कौलारू छप्पर, सुकलेले वासे. त्या घरातल्या आजींना ‘कसलातरी वास’ येत होता म्हणून मला बोलावलं, नाहीतर ते घर आज उभं नसतं.

त्या वासाचं मुद्दाम सांगतो. तापलेल्या प्लास्टिकला पुष्कळदा मासळीसारखा वास येतो. तुमच्या खानावळीत रोज मासे तळले जातात, तिथे तो कोणाच्या लक्षात येणार? म्हणून नाकावर भरवसा ठेवू नका. फ्रीझर, मिक्सर, वॉटर हीटर तासभर चालल्यावर प्लगला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघा. गरम लागला, प्लेट पिवळी-तपकिरी दिसली किंवा बारीक गुणगुण ऐकू आली तर मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. आपल्या दमट हवेत तांबं हिरवं पडून सांधे लवकर सैल होतात. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, सगळे स्क्रू घट्ट करून घ्या. आणि एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ अँपियरच्या जागी ३२ चा बसवणाऱ्याला घरात घेऊ नका. तो एमसीबी वायरला वाचवत असतो. १६ अँपियरच्या पॉइंटला तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची वायर हवी, एसीसारख्या मोठ्या लोडला ४ ची, स्वतंत्र. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबीही, म्हणजे करंट कुठे गळाला की लाइन तोडणारा स्विच, बसवा. ओल्या हाताने काम करणाऱ्यांचा जीव त्याने वाचतो.

गॅसचं थोडक्यात. खानावळीत घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर वापरायला परवानगी नाही, १९ किलोचा व्यावसायिकच घ्या. त्याच्या कडीच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर, म्हणजे वर्षाची तिमाही, आणि वर्ष लिहिलेलं असतं. ‘बी-२७’ म्हणजे २०२७ च्या जूनअखेर त्याच्या तपासणीची मुदत संपते. मुदत उलटलेला असेल तर परत करा. वर घरच्या शेगडीची नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, ती चांगली दिसत असली तरी. सिलिंडर उभा आणि शेगडीपेक्षा खाली ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीवर पसरतो. म्हणून वास आल्यावर पंखा किंवा दिवा लावू नका आणि लागलेला बंदही करू नका, दोन्हींत ठिणगी पडते. फ्रीजसुद्धा आपोआप चालू-बंद होताना ठिणगी टाकू शकतो, तो सिलिंडरजवळ नको. रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, सगळ्यांना बाहेर न्या आणि फोन बाहेर जाऊनच १९०६ ला, गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला, करा.

कढई पेटली तर पाणी कधीच नाही. उकळत्या तेलाखाली गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, जवळपास १७०० पट फुगते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवते. बर्नर बंद करायचा, सपाट झाकण आपल्या बाजूने पुढे सरकवून कढईवर ठेवायचं आणि तेल गार होईपर्यंत उचलायचं नाही. प्रत्येक मोठ्या कढईजवळ तिच्या मापाचं झाकण टांगून ठेवा. आणि एक्झॉस्टच्या जाळीवरचा चिकट थर दर आठवड्याला काढा, भडका तिथूनच वर चढतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. खानावळीत ६ किलोचा एबीसी, म्हणजे कोरड्या पावडरचा, एक आणि मीटर बोर्ड-फ्रीझरच्या बाजूला कार्बन डायऑक्साइडचा एक. दोन्ही आयएसआय छापाचे. तेलासाठी एबीसी पुरेसा नाही. ज्वाळ दबते, पण तेल तापलेलंच राहिल्याने पुन्हा पेट घेऊ शकतं. तिथे झाकण किंवा अग्निरोधक ब्लँकेटच बरं, आणि बजेट असेल तर वेट केमिकलचा, म्हणजे तळणीच्या तेलाच्या आगीसाठीचा, अग्निशामक घ्या. अग्निशामक शेगडीच्या वर नको, दाराजवळ टांगा, म्हणजे तो हातात घेताना तुमची पाठ बाहेरच्या वाटेकडे राहील. पावडरच्या अग्निशामकावरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते दर महिन्याला बघा आणि वर्षातून एकदा तपासून घ्या. पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, डावीउजवीकडे फिरवा. अर्ध्या मिनिटाच्या आत तो रिकामा होतो. आग टोपलीएवढी असेल तरच विझवायला जा. त्याहून मोठी असेल तर मेन बंद करण्यासाठीही थांबू नका, सगळे बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा. फोनवर जवळचं देऊळ, चॅपेल, बसथांबा सांगा. शुक्रवारी बाजारामुळे म्हापशाचे रस्ते तुंबतात, त्या दिवशी बंबाला वेळ लागेल हे धरून चाला आणि गेटसमोर स्कूटर लावू देऊ नका.

चतुर्थी येतेय म्हणून एक घरचं सांगतो. आमच्या मखराला एका वर्षी थर्माकोल होता आणि समईची वात वाऱ्याने कलली. बायको तिथेच बसलेली होती म्हणून ओल्या टॉवेलने निभावलं. त्यानंतर आमच्याकडे मखर फक्त कापडाचं आणि लाकडाचं असतं, आणि रात्री सगळे झोपायला जाताना समई आरासीपासून लांब, पितळी परातीत ठेवतो.

यजमानांना चोरीची धास्ती वाटत असेल तर तीही खोटी नाही. आतून कडी आणि बाहेर दिवा, एवढ्याने बरंच भागतं. बोर्डाचे फोटो इथे टाका, झाकण मात्र स्वतः उघडू नका. आणि त्या दोघा मुलग्यांची निजायची जागा नक्की कुठे आहे, मागच्या दारापासून किती पावलांवर, तेही लिहा.